हिवाळ्यातील सायकल आणि पेढीची किल्ली

हिवाळा हा सायकलचा ऋतू आहे असे सर्वत्र म्हटले जाते आणि ते खोटे नाही. वैशाखात आठ वाजताच डांबर तापते, आषाढात रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली लपतात. कार्तिक ते माघ एवढेच चार महिने रस्ता, हवा आणि शरीर यांचे एकमेकांशी जमते. तरीही साठी ओलांडलेल्या गृहस्थांच्या सायकलींवर धूळ साचते ती नेमकी याच महिन्यांत. विचारले तर उत्तर मिळते, थंडी फार आहे. वास्तविक सांगली-कोल्हापूरकडील थंडी ती काय! पहाटे बारा-चौदा अंश आणि दुपारी पुन्हा तीसच्या घरात. अडचण थंडीची असते त्यापेक्षा अधिक घड्याळाची असते.

सांगलीचा सूर्योदय पाहा. ऑक्टोबरच्या आरंभी तो सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास होतो. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, तो सात वाजण्यास तीन-चार मिनिटे कमी असताना होतो. येथून पुढे सकाळ लवकर होऊ लागेल असा पुष्कळांचा समज असतो. पण तसे घडत नाही. दिवस मोठा होऊ लागतो तो संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय मात्र आणखी मागे सरकत जाऊन जानेवारीच्या मध्यास सात वाजून चार मिनिटांपर्यंत पोहोचतो. म्हणजे उन्हाळ्यात साडेपाचला निघून पावणेसातला परतणाऱ्याने आपली वेळ बदलली नाही, तर संक्रांतीच्या आसपास त्याची संपूर्ण फेरी उजाडण्यापूर्वीच पार पडते.

हे नुसते गणित वाटेल. परंतु सांगलीच्या मार्केट यार्डातील एका सदुसष्ट वर्षांच्या अडत व्यापाऱ्याला त्याचा अर्थ एका डिसेंबरच्या पहाटे कळला. गृहस्थ वर्षानुवर्षे साडेपाचला घर सोडून मिरज रस्त्याने जाऊन येत. साडेसातला पेढीचे शटर त्यांच्याच हाताने उघडत असे. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. त्या पहाटे धुके होते. उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागचा दिवा असलाच तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला. ट्रॉली दिसली तेव्हा अंतर दोन-तीन हातांचे उरले होते. ब्रेक लागले, पाय टेकले, इजा काही झाली नाही. घरी त्यांनी अवाक्षर काढले नाही. पण रस्त्यावरून येणाऱ्या एका हमालाने ते पाहिले होते आणि यार्डात कोणती गोष्ट लपून राहते?

उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, हे या भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. या काळात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने धुके, अंधार आणि ऊस या तिघांची गाठ पहाटेच पडते. त्यातच वयाप्रमाणे डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो आणि समोरून आलेल्या झगझगीत दिव्यानंतर काही क्षण काहीच दिसत नाही. मागे तांबडा दिवा आणि अंगावर चकाकणारा पट्टा हवाच. परंतु ही साधने मागून येणाऱ्यास आपण दिसावे म्हणून आहेत, पुढे बिनदिव्याचे उभे असलेले वाहन आपल्याला दिसावे म्हणून नाहीत.

मुलाच्या कानी गोष्ट गेली तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. रात्री हिशेब मिटवून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाबूजी, सायकल सोडा असं मी म्हणणार नाही. किल्ली माझ्याकडे द्या. तुम्ही उजाडल्यावर जा, नऊला या." वडिलांनी त्या रात्री उत्तर दिले नाही.

त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. सकाळी गाड्या उतरत असताना मालक उभा असला की शेतकऱ्याला बरे वाटते, तोलाईत गडबड होत नाही, हमालही वेळेवर येतात. तीस-चाळीस वर्षे ज्याने शटर उघडले, त्याला ते उघडण्याचा आवाज म्हणजेच पेढी वाटू लागते. हिवाळ्यातील सकाळच्या फेरीचे गाडे खरोखर येथेच अडते. सायकलसाठी लागणारा उजेडाचा तास बाजारात विकत मिळत नाही. तो कुणाच्या तरी नावावरून आपल्या नावावर वळता करून घ्यावा लागतो, आणि व्यापारी कुटुंबात तो बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या नावावरून येतो.

संध्याकाळी जावे, असे कोणी सुचवील. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सांगलीचा सूर्यास्त सहाला चार मिनिटे कमी असताना होतो. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असते, तेथे साडेपाचला पाने मांडली जातात. त्यामुळे संध्याकाळ आपोआपच बाद होते. दुपारी साडेतीन ते साडेचार हा तास मात्र दुर्लक्षिला जातो. रस्ता कोरडा, ऊन सौम्य, सांधे मोकळे झालेले. घरातील ज्येष्ठ स्त्रियांना सकाळी डबे, नाश्ता, पूजा यांतून निघता येत नाही; त्यांना हीच वेळ सोयीची. अर्थात संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी त्या तासात दुसऱ्या कोणी हाती घेतली तरच. सायकल घेण्यापूर्वी याबद्दल घरात बोलणे झालेले बरे.

उजाडल्यावर निघण्याची आणखीही कारणे आहेत. थंड रात्रीनंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. शेकोट्यांचा, कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर तिच्यात अडकून खालीच तरंगतो. जमीन उन्हाने तापली की हा थर फुटतो. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी म्हणूनच शहरात आणखी तासभर थांबावे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर भागांपेक्षा सकाळी अधिक येतात. उबदार अंथरुणातून उठून थेट चढावर सायकल घालणे हे या वयात शहाणपणाचे नव्हे. पहिली दहा मिनिटे दूधवाल्याच्या गतीने जावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अवेळी घाम यांपैकी काही जाणवले तर "घरी जाऊन पाहू" म्हणू नये; तेथेच उतरावे, बसावे आणि मदत मागावी.

मनगटावरील घड्याळात ठोके पाहून गती ठरवण्याची नवी रीत आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, हे अशा वेळी विसरले जाते. आकडा समाधानकारक आणि शरीर मात्र थकलेले, असे होते. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नवकारसी पाळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे म्हणजे जानेवारीत सात-बावन्न. त्यापूर्वी पाणीही घ्यायचे नसेल, तर फेरी छोटी आणि सपाट असावी, किंवा पारणे करून मगच निघावे. मधुमेहासाठी इन्शुलिन अथवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असलेल्याने उपाशीपोटी सायकल चालवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अनिवार्यच आहे. थंडीत तहान लागत नाही, वयाने ती आणखी मंदावते. म्हणून परतल्यावर तहान नसली तरी पाणी प्यावे.

कपड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दहा अंशांच्या हवेत ताशी वीस किलोमीटरचा वारा अंगावर घेतला की शरीराला ते सात अंशांसारखे लागते, आणि सायकलस्वार हा वारा स्वतःच निर्माण करतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे चांगले. घाम येऊ लागला की एक उतरवता येतो. कान आणि बोटे झाकावीत. बनियन व सदरा यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची युरोपातील शर्यतपटूंची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे, आणि खर्च शून्य. मफलरची टोके मात्र आत खोचावीत. चाकात गेलेला मफलर गळ्याला फास लावतो. आणखी एक बारीक गोष्ट: दुपारच्या उन्हात चाकात पन्नास पौंड हवा भरली असेल, तर कडक थंडीच्या पहाटे तीच चारेक पौंडांनी उतरलेली असते. पंक्चर झाले असे समजून दुकानात धाव घेण्याचे कारण नाही.

फायद्याविषयी बोलताना बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज यांतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा दाखला हटकून दिला जातो. ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ हौशी सायकलस्वारांच्या तपासणीत स्नायूंचे बळ फारसे घटलेले आढळले नाही आणि रोगप्रतिकारशक्तीही तरुणांसारखी दिसली. बातमी आनंदाची आहे. पण त्यातील पुरुष शंभर किलोमीटर साडेसहा तासांत कापू शकणारे होते. उत्तम खातेदारांचाच ताळेबंद पाहून सर्व शाखेचा अंदाज बांधावा तसे ते होईल. शिवाय सायकलने हाडांवर भार पडत नाही. त्यासाठी चालणे, जिने चढणे वेगळे करावेच लागते. आणि हाडे ठिसूळ असणाऱ्याला पडण्याची किंमत अधिक मोजावी लागते.

रॉबर्ट मार्शां या फ्रेंच गृहस्थांनी ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. ऐन हिवाळ्यात खरे, पण छपराखालील मैदानात! दाट धुक्याच्या दिवशी घरातच चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर पायडल मारण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट हरिपूरच्या रस्त्यावर कॉलेजच्या मुलांशी शर्यत लावणारे आजोबाही दिसतात. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या देवलांचे हे गाव; वय विसरलेल्या भुजंगनाथाला त्यांनी रंगमंचावर आणले, ते उगाच नव्हे.

त्या अडत व्यापाऱ्यांनी आठवडाभराने किल्ली मुलाच्या हाती दिली, तीही "थंडीपुरती" असे म्हणून. आता ते सव्वासातला निघतात. मिरज रस्ता सोडला. चिंचांच्या सावलीतून हरिपूर, संगमावर दहा मिनिटे, आणि परत. मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढेच दिवस, पण ते ठरलेले. आवर्ती ठेवीचा हप्ता मोठा नसला तरी तारखेला भरावा लागतो, तसे. पहिल्या आठवड्यात संगमावरून त्यांनी पेढीवर तीनदा दूरध्वनी केला. दुसऱ्या आठवड्यात एका गाडीची ओल मुलाने कमी धरली आणि सौद्यात थोडे नुकसान झाले. रात्री रोजमेळ पाहताना त्यांच्या ते ध्यानात आले, पण आकड्याखाली पेन्सिलीची रेघ ओढून त्यांनी पान उलटले. तिसऱ्या आठवड्यात त्या शेतकऱ्याने पुढची गाडीही याच पेढीवर उतरवली आणि "धाकटे शेठ कुठं आहेत?" असे विचारले.

जानेवारी सरत आला की नवी हळद यार्डात येऊ लागते आणि पेढीला श्वास घ्यायला सवड राहत नाही. मार्चच्या मध्यास सूर्योदय पुन्हा सहा-चाळीसवर येतो. तेव्हा साडेसातला शटर उघडण्याइतका वेळ फेरीनंतर सहज उरतो. किल्ली मात्र अजून मुलाच्याच खिशात आहे. वडिलांनी ती मागितलेली नाही.