अंगणातले गणित

चार लाडू तिघा भावंडांत वाटले, की वाटणी असमान झाल्याचे सर्वांत आधी धाकट्याच्याच लक्षात येते. त्याला अजून धड मोजताही येत नसते! रांगोळीच्या ठिपक्यांची ओळ चुकली, चपलांची जोडी विजोड लागली, की बालकाची नजर तेथेच अडखळते. गणित शाळेच्या कितीतरी आधी घरात वास्तव्यास आलेले असते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे मर्म जाणले होते. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेल्या त्यांच्या बालशिक्षणकार्यात महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, पाने, बिया आणि खडे यांनी घेतली.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान मिळावे, यासाठी २०२१ साली आरंभलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ ही मुदत ठरविली. हे कार्य केवळ शासनावर आणि शिक्षकांवर सोपवून भागेल काय? चौथ्या वर्षीच शिकवणी लावून शंभरपर्यंतचे अंक घोकून घेणारे पालक मुलाच्या उपजत जिज्ञासेवरच घाव घालतात. त्यापेक्षा पंगतीत किती ताटे कमी पडली, हे त्यालाच विचारावे. उत्तर चुकले तरी बिघडत नाही. प्रश्न त्याचा झाला पाहिजे.