इंधन शेतात पिकवावे काय?

ऊसतोडणीच्या दिवसांत येडगावच्या धरणाकाठाने सायंकाळी फिरले असता एखाद्या तरी फडातून पाचटाचा धूर निघताना दिसतो. मागील हंगामात अशाच एका बांधावर एका वृद्ध शेतकरी बंधूंनी मला विचारले, “साहेब, उसाच्या रसावर आता मोटारी चालतात म्हणे. मग ऊसच वाढवावा ना?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी त्या वेळी थोडक्यात दिले. ते येथे सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

खनिज तेलाला पर्याय शोधण्याचा प्रयत्न नवा नाही. जर्मनीत फिशर व ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास कोळशापासून वायू व त्या वायूपासून द्रव इंधन बनविण्याची रीत शोधून काढली. दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून अशा रीतीने कोळशापासून पेट्रोल तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा आपल्याकडील मोटारीही लोणारी कोळशाच्या वायूवर धावल्या. तात्पर्य, कृत्रिम इंधन बनविता येते, याविषयी शंका नाही. ते कशापासून बनवावे व कोणत्या मोलाने, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. हे प्रमाण २०२२ मध्ये शेकडा १० व २०२५ मध्ये शेकडा २० झाले. त्यामुळे कारखान्यांच्या हाती लवकर पैसा येतो व उसाची बिले चुकती करण्यास मदत होते, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून १ लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. येडगावच्या धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळा या तहानलेल्या तालुक्यांकडे जातो. आपण धरणाच्या उशाशी राहतो म्हणून ते पाणी केवळ आपले होत नाही. शिवाय, पाऊस कमी झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर शासनाने निर्बंध घातले; ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. केवळ इंधनाच्या आशेवर लागवड वाढविणाऱ्याने हा अनुभव विसरू नये.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, इंधनाकरिता नवे पीक घेण्यापूर्वी आपण जे जाळतो किंवा वाया घालवितो त्याचा हिशेब करावा. एका हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. त्यावर पहिला हक्क जमिनीचा आहे. खोडव्यात ते सऱ्यांतून पसरल्यास ओल टिकते व कुजून सेंद्रिय खत मिळते. उरलेल्या पाचटाचा कोळसा पाडून त्याच्या कांड्या करण्याची रीत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केली व त्यासाठी तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गोठ्यातील शेणापासून गोबरगॅस घेतल्यास चूल पेटते आणि मागे राहिलेली मळी खत म्हणून शेतात परत जाते. ज्या इंधनात जमिनीचा वाटा जमिनीला परत मिळतो, तेच शेतकऱ्याचे इंधन होय.

दुसरी गोष्ट परीक्षणाची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डायमिथाइल ईथर हे गॅसला पूरक असे कृत्रिम इंधन तयार करणारा प्रायोगिक संच उभारला व २०२० मध्ये त्यासाठी खास शेगडीही पुढे आणली. त्या संचाची क्षमता दिवसाला २० ते २४ किलो, म्हणजे दोन घरगुती सिलिंडरांहूनही कमी. शास्त्रज्ञ असेच लहान मापाने आरंभ करतात. आपणही तसेच करावे. शेकडा २० मिश्रणामुळे जुन्या बनावटीच्या दुचाकींना ३ ते ४ टक्के व चारचाकींना ६ ते ७ टक्के इंधन अधिक लागेल, असा अंदाज वरील अहवालातच दिलेला आहे. तेव्हा आपल्या पेट्रोलवरील फवारणी यंत्राची किंवा तण काढणाऱ्या यंत्राची परीक्षा आपणच घ्यावी. एक लिटर इंधन मापून घालावे, घड्याळ लावावे, किती गुंठे काम झाले ते वहीत लिहावे. इथेनॉल पाणी शोषते. पाणी अधिक झाल्यास ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. याकरिता पावसाळ्यात यंत्र बंद ठेवताना टाकी रिकामी करावी व रबरी नळ्या तपासाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावातील निदान एका फडात पाचट न जाळता राखून दाखवावे आणि शेजारच्या जळालेल्या फडाशी त्याची तुलना करून त्याची नोंद ठेवावी. वृद्ध बंधूंना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, “बाबा, मोटार उसावर चालेल; पण तुमच्या फडाचे आज जे जळते आहे, ते आधी वाचवू.” त्यांनी धुराकडे पाहिले व मान डोलावली. पुढील हंगामात त्या बांधावर धूर दिसू नये, हीच अपेक्षा.