दीडशे तास कुणाचे?



रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली सिस्टर डबे भरते, मुलांना शाळेत पाठवते आणि पुन्हा बस पकडून व्याख्यानाला जाऊन बसते. डोळे मिटत असतात, पण हजेरीचे प्रमाणपत्र हवे असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना १५० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते.

नियम योग्यच आहे. व्हेंटिलेटर, डायलिसिस, केमोथेरपी, कमी दिवसांचे बाळ ही कामे वीस वर्षांपूर्वीच्या शिक्षणावर निभत नाहीत. प्रश्न आहे तो हे तास कुणाच्या खात्यातून जातात हा. अनेकींच्या बाबतीत ते साप्ताहिक सुट्टीतून, झोपेतून आणि पगारातून जातात.

विशेष प्रशिक्षणाची गोष्ट याहून कडू आहे. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, मानसिक आरोग्य या विषयांत नोंदणीकृत नर्ससाठी एक वर्षाच्या पदविका आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १८ महिन्यांचे प्रशिक्षण आहे. पण शिकून परतल्यावर अनेकींचे पद तेच आणि पगारही तोच. माणसे कमी पडली की अतिदक्षता शिकलेलीला उचलून दुसऱ्याच वॉर्डात टाकतात. मग ती विचारते, शिकून काय मिळाले?

याचे मूळ एकच. शुश्रूषा हा बाईचा स्वभाव मानला जातो, आणि स्वभावाला भत्ता कोण देणार? १२ मेला आपण नाइटिंगेलबाईंच्या हातातल्या दिव्याचे गोडवे गातो. पण १८६० मध्ये त्यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली, ती परिचर्या ही शिकावी लागणारी विद्या आहे म्हणूनच.

१९४७ च्या कायद्याची जागा घेणारा परिचर्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला. कायदा बदलला म्हणून वॉर्ड बदलत नाही. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : शिक्षणाचे तास ड्यूटीत धरा. फी रुग्णालयाने भरावी. प्रशिक्षणाच्या ठिकाणी पाळणाघर हवे. विशेष शिक्षणाला वेगळे पद, भत्ता आणि त्याच विभागात नेमणूक द्या.

हा ‘युनियनचा प्रश्न’ म्हणून आपण स्त्री-संघटनांनी बराच काळ बाजूला ठेवला. बाईच्या कौशल्याचे मोल हा आपला प्रश्न नाही, तर मग कुणाचा? आपल्या गावातल्या सिस्टरना पुढच्या बैठकीला बोलवा. वेळ मात्र त्यांची पाळी विचारून ठरवा.