बटणामागचा बुकमार्क

आमच्या अनगोळजवळच उद्यमबाग. तिथल्या एका फाउंड्रीसाठी मी पॉवर बीआयमध्ये कास्टिंगच्या रिजेक्शनचा रिपोर्ट करून दिला होता. ‘मासिक आढावा’ हे बटण दाबलं की साहेबांना हवे ते आलेख समोर यायचे. त्या बटणामागे होता एक बुकमार्क.

पुढे तिथे तिसरी भट्टी सुरू झाली. तपासणी विभागातले काका सांगत होते, “रिजेक्शन वाढलंय.” रिपोर्टमध्ये तसं दिसत नव्हतं. बैठकीत ऐकलं गेलं ते रिपोर्टचं, आणि काकांना मात्र ऐकून घ्यावं लागलं.

चूक माझी होती. बुकमार्क आकडे साठवत नाही, ते ताजेच येतात. तो लक्षात ठेवतो फिल्टर, स्लायसरमधली निवड आणि कोणता आलेख दिसतो, कोणता लपतो ते. मी तो बनवला तेव्हा फक्त भट्टी १ आणि २ निवडल्या होत्या. बटण दाबलं की निवड पुन्हा त्या दोनवरच जायची. एररचा लाल शब्दसुद्धा कुठे दिसला नाही.

मग एका एक्सेल शीटमध्ये सगळे बुकमार्क उतरवले: नाव, पान, कोणतं बटण त्याला बोलावतं, आणि डेटा, डिस्प्ले, करंट पेज यांपैकी कशावर टिक आहे. जे फक्त आलेख आणि तक्ता यांची अदलाबदल करत होते, त्यांची डेटावरची टिक काढली आणि ‘ऑल व्हिज्युअल्स’ऐवजी ‘सिलेक्टेड व्हिज्युअल्स’ ठेवलं. बाकीच्यांसाठी आधी स्लायसर मोकळे केले, मग ‘अपडेट’ दाबलं. कोणतंच बटण बोलावत नव्हतं ते काढून टाकले. ‘बुकमार्क ७’ला नीट नाव दिलं. शेवटी प्रत्येक बटण दाबून येणारी बेरीज फिल्टर नसलेल्या पानाशी ताडून पाहिली. फरक तिथेच सापडला.

तुमच्यापैकी कुणी असे रिपोर्ट करत असाल, तर नवी भट्टी, नवी शाखा, नवा माल आला की त्याच दिवशी ही बेरीज ताडून बघा. आणि कामावरचा माणूस एक सांगतोय, रिपोर्ट दुसरं, असं झालं तर आधी रिपोर्ट उघडा.

पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर चूक कबूल केली. त्याआधी काकांच्या घरी जाऊन आलो. चहा त्यांनीच पाजला.