नाव नोंदवताना शब्दही तोलावा

रमजानमध्ये जकात, फितरा आणि सदका यांचा हिशेब घरोघरी मांडला जातो. निसाबाइतकी मालमत्ता असलेल्याने वर्षाकाठी अडीच टक्के द्यायचे, हे ठरलेले आहे. परंतु एक दान असे आहे की त्याला पैसा लागत नाही आणि ते पैसा देऊन बाजारात मिळतही नाही. ते म्हणजे बोनमॅरोचे, अर्थात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे दान.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंत सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तपासणीला वेग दिला. गोळ्यांनी दुखणे आटोक्यात राहते. आजार मुळातून बरा करण्याचा रुळलेला उपाय मात्र बोनमॅरो प्रत्यारोपण हाच आहे. थॅलेसेमिया आणि काही रक्ताच्या कर्करोगांतही त्याचाच आधार असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये हे प्रत्यारोपण केले, तेव्हापासून देशात ही वाट खुली झाली.

अडचण जुळणाऱ्या दात्याची आहे. येथे रक्तगट नव्हे, तर ‘एचएलए’ जुळावे लागते. ते निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येते. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच असते. घरात कोणी जुळले नाही, तर नोंदणीतील अनोळखी दाता शोधावा लागतो. असा दाता बहुधा त्याच वंशाच्या, त्याच भागातील लोकांत सापडतो. म्हणून भिल्ल किंवा पावरा कुटुंबातील लेकरासाठी सातपुड्यातल्याच तरुणांची नावे नोंदणीत असणे मोलाचे ठरते.

चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या संस्थांत १८ ते ५० वयाच्या निरोगी व्यक्तीला नाव नोंदवता येते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. पुढे कोणाशी जुळले, तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतूनच पेशी वेगळ्या केल्या जातात. शरीर त्या पुन्हा भरून काढते.

खरा प्रश्न यानंतर येतो. शिबिरात उत्साहाने नाव दिलेले अनेकजण बोलावणे आल्यावर मागे सरतात. घरचे घाबरतात, लग्न आडवे येते. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला जोरकस औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट केलेली असते. त्या टप्प्यावर दात्याने नकार दिला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

रोजाची नियत सहरीला होते, पण रोजा पूर्ण होतो तो दिवसभर निभावल्यावर. नोंदणीचेही तसेच आहे. सुरुवातीलाच नाही म्हणण्यात कोणतीही लाज नाही. हो म्हणणाऱ्याने मात्र आधी आईवडिलांशी, जोडीदाराशी बोलावे आणि मगच सही करावी. फोन नंबर बदलला तर संस्थेला कळवावा. या ईदला घरी येणाऱ्या शेजाऱ्यांशी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, शीरखुर्मा खाताना हा विषय जरूर काढावा. आपला दिलेला शब्द म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची अमानत असते.