लूक ठरला, लाकडाचं काय?

पझेशनची चावी हातात आली की आपली जनरेशन दोन कामं ताबडतोब करते. एक, रिकाम्या हॉलचा फोटो सगळ्या ग्रुप्सवर टाकते. दोन, सुतारकाकांना बोलावून सांगते, ‘काका, आम्हाला ना स्कॅन्डिनेव्हियन लूक हवाय.’ काका कानामागची पेन्सिल काढतात आणि शांतपणे विचारतात, ‘बरं. लाकूड कुठलं वापरू?’

इथेच आपली विकेट पडते!

लूक आपण मोबाइलवर बघून ठरवतो. लाकडाला मात्र पावसाळ्यातली दमट हवा, सिंकखालची गळती, वाळवी आणि शनिवारी येणारी मित्रमंडळी असं सगळं सोसत घरात राहायचं असतं. इंटिरियरच्या लोनचे हप्ते चालू असतानाच वॉर्डरोबचं दार फुगून बसलं, तर लूक कितीही भारी असो, रोज सकाळी चिडचिड ठरलेली. म्हणून माझं साधं म्हणणं आहे, स्टाइल मनाप्रमाणे निवडा, पण लाकूड कामाप्रमाणे.

स्कॅन्डिनेव्हियन
उत्तर युरोपात हिवाळा लांबलचक आणि दिवस अंधारे. घर उजळ दिसावं म्हणून तिथे पाइन, बर्चसारखी फिकट लाकडं आवडीची. पण पाइन मऊ असतं, किल्ल्यांचा जुडगा जोरात आपटला तरी खड्डा पडतो. आपल्याकडे त्याला चांगला पर्याय म्हणजे रबरवुड. केरळातल्या रबराच्या झाडांचा चीक साधारण पंचवीस-तीस वर्षांनी कमी होतो, मग ती तोडतात. त्यांचं लाकूड फिकट, एकसारखं आणि खिशाला परवडणारं. फक्त ते कीडप्रतिबंधक प्रक्रिया केलेलंच घ्या आणि बाथरूमपासून लांब ठेवा. मोठ्या वॉर्डरोबला प्लायवर ओक किंवा अॅशचं व्हिनियर लावलं की काम झालं.

वाडा लूक
इथे सागवानाला तोड नाही. संसदेच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या इमारतीसाठीही सागवान आपल्या विदर्भातूनच गेलं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हे फक्त गाभ्याबद्दल हं! खोडाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला ते कवच नसतं. फळी घेताना कडेला पांढरा पट्टा किती आहे, ते बघाच.

पुण्यात असाल तर जुन्या लाकडाच्या वखारीत एक चक्कर माराच. पेठांमधले वाडे पाडले की त्यातले खांब, तुळया, चौकटी तिथे येतात. वर्षानुवर्षं वाळलेलं हे लाकूड आता फारसं वाकत-पिळत नाही. आत खिळे राहिलेत का आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, एवढं मात्र काकांकडून तपासून घ्या.

रेट्रो
चंडीगड वसवताना १९५०च्या दशकात पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी ऑफिसांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. आज परदेशातल्या लिलावांत त्या लाखोंना जातात. या स्टाइलची सगळी मजा सडपातळ, तिरक्या पायांत आहे. पण असे पाय टिकायला लाकूड कणखरच लागतं, साग नाहीतर शीशम. आणि शीशम म्हणजे आजीच्या कपाटाची शिसवी नव्हे. शीशम उत्तर भारतातलं, तपकिरी. शिसवी गडद, जांभळट झाक असलेली आणि बरीच महाग. दुकानदार दोन्ही नावं सर्रास एकाच दमात घेतात, तेव्हा कान उघडे ठेवा.

कॅफे लूक
काळं लोखंड आणि ओबडधोबड फळी. इथे आंबा किंवा बाभूळ मस्त दिसते. आंब्याच्या लाकडाचे रेषारेषांचे पट्टे सुंदर असतात, पण प्रक्रिया न केलेल्या फळीला कीड लागली की टेबलाखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो.

एकदम मॉडर्न
चकचकीत रंगाच्या शटरसाठी एमडीएफ छानच. पण तो शेवटी लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, पाणी प्यायला की फुगणार. किचनमध्ये सिंकखाली आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायच मागा. उकळत्या पाण्यात ७२ तास टिकण्याची परीक्षा त्याला द्यावी लागते. शीटवरचा आयएसआय मार्क आणि नंबर स्वतः वाचा, काकांना राग येणार नाही.

सगळंच घर सागवानी करायचं तर बँकही हसेल. म्हणून जिथे भार आणि हात पडतो तिथे, म्हणजे डायनिंग टेबल, खुर्च्या, पलंगाचे पाय यांना अस्सल लाकूड. मोठ्या सपाट भागांना प्लाय आणि व्हिनियर. उरलेल्याला लॅमिनेट. आणि अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवर राहणाऱ्यांनो, भिंतीत काही ठोकून बसवू नका. एकच चांगलं टेबल घ्या, टेम्पोतून पुढच्या घरी येईल असं.

जाता जाता एक सांगते. पैसे देण्याआधी बिल नीट वाचा. त्यावर ‘टीक फिनिश’ लिहिलं असेल, तर ते रंगाचं नाव आहे, झाडाचं नाही!