विश्लेषण : प्रोस्टेटचा एमआरआय निम्म्या वेळेत, दिंद्रुडच्या रुग्णाला उपयोग काय?

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणारा साठीतला माणूस ‘वय झालं’ म्हणत दुखणे अंगावर काढतो. बहुतेकदा ती प्रोस्टेटची, म्हणजे पौरुष ग्रंथीची, साधी वाढ असते. पण रक्तातील पीएसए वाढलेले निघाले, की एमआरआय सांगितला जातो. मग अंबाजोगाई, बीड, लातूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठायचे.

एमआरआय आधी का?

पीएसए संसर्गानेही वाढते. २०१८च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत आधी एमआरआय केलेल्या गटातील २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली. शिवाय उपचारांची गरज असलेला कर्करोग ३८ टक्के जणांत सापडला. थेट बायोप्सीच्या गटात हेच प्रमाण २६ टक्के होते.

वेळ कसा वाचतो?

नेहमीच्या तपासणीत शेवटी गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन आणखी प्रतिमा घेतात. एकूण ३० ते ४० मिनिटे जातात. १२ देशांतील ‘प्राइम’ चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४९० पुरुषांच्या प्रतिमा आधी इंजेक्शनविना, मग इंजेक्शनसह वाचल्या गेल्या. गंभीर कर्करोग सापडण्याचे प्रमाण होते २९.२ आणि २९.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. इंजेक्शनविना तपासणी १५ ते २० मिनिटांत होते आणि औषधाचा खर्चही वाचतो.

पुढचे पाऊल : आकड्यांचा एमआरआय

आजची प्रतिमा म्हणजे काळ्या-करड्या छटा. यंत्र बदलले की छटाही बदलते आणि निदान वाचणाऱ्याच्या नजरेवर राहते. मोजमापाच्या एमआरआयमध्ये ‘टी-२’ हा काळ मिलिसेकंदांत मोजतात, पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हेही मोजतात. कर्करोगात पेशी दाटलेल्या असल्याने दोन्ही आकडे घसरतात. अडचण वेळेची होती. २०१३ मध्ये अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘एमआर फिंगरप्रिंटिंग’ मांडले. रेशन दुकानातील यंत्र अंगठा जुळवते, तसे येथे ऊतींचा संकेत आधीच गणून ठेवलेल्या संकेतांशी जुळवला जातो. एकाच स्कॅनमध्ये अनेक आकडे मिळतात. मात्र प्रोस्टेटला सूज असली तरी आकडे घसरतात, आणि हे तंत्र अजून मुख्यतः संशोधन केंद्रांतच आहे.

इंजेक्शन वगळायला मात्र नवे यंत्र लागत नाही. लागते ती स्पष्ट प्रतिमा आणि ती वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्ट. प्रतिमा धूसर आली, तर रुग्णाला पुन्हा बोलवावे लागेल. दिंद्रुडहून दुसरी खेप म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी, सोबत आलेल्या मुलाचीही.